आतड्याचे एकेरी तटाची आणि निंबाजी सांधेकरी याची हकीकत

श्री अन्नपूर्णा समर्थ. जठरी अग्नी निरंतर जागता असो, खाल्ले अन्न अंगी लागो. देहशके बावन्न, मार्गशीर्ष मास, लग्नसराईचे दिवस. ते समयी पोटाचे मुलखात थोरल्या आतड्याचे तटावर जो गलबला जाहला, त्याची हकीकत ज्याने जैसी सांगितली तैसी लिहिली आहे. सांगणार बहुत, आणि एकाचे एकास जुळत नाही. कोणी म्हणतो गनीम आला होता, कोणी म्हणतो गनीम नव्हताच. कोणी म्हणतो शिंग आधी वाजले, कोणी म्हणतो फट आधी पडली. लिहिणाराने दोन वेळ खोडून तिसरे वेळ लिहिले, तरी कोणाचा पायपोस कोणाचे पायात नाही ऐसेच आहे. वाचणाराने रागे भरू नये. ज्यांस त्या दिवशी काही उमगले नाही त्यांचीच ही गोष्ट, तीत सरळ सूत आम्ही कोठून आणावे?

राज्यास नाव नाही. ज्या देहाचे पोटी हे राज्य, त्या धनियांस येथील कोणी डोळ्यांनी पाहिले नाही. त्यांस बावन्नावे वर्ष चालले म्हणोन शक बावन्न, एवढीच ओळख. धनी जेवतात आणि ते जेवण खाली येते, यावरून धनी आहेत ऐसे सर्वांनी मानिले आहे. मुलखाचे मधोमध अन्नाचा ओढा मंद वाहातो आणि त्या ओढ्यात कोट्यवधी बारीक जीव बिऱ्हाड करोन राहातात. त्यांस ओढेकरी म्हणत. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे सोयरे. धनी भाकरी, भाजी, डाळीची साले खात, त्यातील कोंडा कोणास पचत नसे, तो ओढेकऱ्यांनी खावा आणि त्याबदली एक आंबूस रस तटाकडे धाडावा, ऐसा जुना रिवाज. त्या रसावर तटाची घरे पोसत आणि तटाचे दोरास पीळ राही. ओढ्याचे पलीकडे आतला मुलूख, रक्ताचे पाट, आणि त्यांचे काठी हैबतराव हवालदार यांची फौज तळ देऊन असे. ओढा आणि तो मुलूख यांचे मध्ये तट. आता तट म्हणावा तर दगड नाही, चुना नाही, बुरूज तर नाहीच. घरास घर लावोन एकेरी ओळ, तोच तट. एका घराची जी जाडी ती राज्याची जाडी. बाहेरचे लोक ऐकतात आणि हसतात, परंतु बावन्न वर्षे राज्य याच एकेरी ओळीवर उभे आहे, हे खरे.

घर आणि घर यांमध्ये बोळ नाही, पण सांध आहे, आणि त्या सांधेवर सांधेकरी नेमिलेले. त्यांचे काम ऐसे की, आपले घराचे भिंतीतून हात काढावा, शेजारचे घरचे सांधेकऱ्याचे मनगट धरावे, त्याने याचे धरावे, आणि सोडू नये. पाणी आणि मीठ जाईल इतकी मोकळीक ठेवावी, त्याहून जाड वस्तू जाऊ देऊ नये, आणि तो अंदाज त्यांचे बोटांत. सांधेकऱ्याचे कंबरेस दोर बांधिलेला, तो घराचे आत फिरोन दोरकऱ्याचे हाती दिलेला. तटापुढे खंदक, आणि त्यात पाणी नव्हे, दाट बुळबुळीत चिकाची साय. आणिक एक गोष्ट ध्यानी ठेवावी. या लोकांचे आयुष्य पाच दिवसांचे. खाचेत घर जन्मते, मागली घरे ढकलतात तैसे वर सरकते, टेकाडाचे माथ्यास पोचले की त्याचे पाय सुटतात आणि ते ओढ्यात पडते. त्याविषयी नियम कडक. जाणाऱ्या घराचे दोहोंकडील शेजाऱ्यांनी त्याचे पायाखालोन नवा हात काढून एकमेकांचे हात आधी धरावे, मग वरचे हात सोडावे. आधी सोडोन मागाहून धरू म्हणेल त्याचे मध्ये खिंडार पडले म्हणोन समजावे. आणि दुसरा नियम शिंगाचा. हवालदाराने शिंग फुंकिले की दोरकऱ्याने दोर ओढावा, तेणेकरोन सांधेकऱ्याचे हात मागे येतात, सांध सैल पडते, आतले पाणी लोंढ्याने बाहेर जाते आणि तटास भिडलेला गनीम धुऊन निघतो. मागे एकदा शिळ्या मिठाईतून खरेच गनीम आले तेव्हा याच युक्तीने राज्य वाचले, ऐसे आज्याचे आज्याने सांगितले होते, आणि आज्याचे आज्याने सांगितले त्यास येथे कोणी फाटे फोडीत नाही.

या तटावर निंबाजी म्हणोन एक सांधेकरी होता. वय दोन दिवस, म्हणजे ऐन उमेदीचा. मन लावून काम करणारा, पण डोके गोंधळलेले, आणि गोंधळले आहे हे लपविण्याची अक्कल नाही. जन्मतांच त्याचे कानी दोन गोष्टी सांगितल्या, की हात सोडू नये, आणि शिंग वाजता हात सोडावा. निंबाजीने पुसिले, "दोन्ही एकदम आली तर?" वडील बोलिले, "येत नाहीत." तेवढ्याने इतरांचे समाधान जाहले, याचे जाहले नाही. त्याचे डावे हाती मनगट होते ते तान्हूबाईचे. ती शेजारले घरची सांधेकरीण, वयाने पाचवे दिवशी आलेली, माथ्यास पोचलेली, तोंडाने फटकळ. दोघांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही, भिंत मध्ये. परंतु दोन दिवस हात हातात, त्यामुळे ती दमली की यास कळे आणि हा घाबरला की तीस कळे. तो तिला मावशी म्हणे, आणि ती त्यास म्हणे, "निंबा, तुझे मनगट फार विचार करिते रे." तान्हूबाईचे पलीकडे खेत्रोजी, पलीकडील खाचेतून वर आलेला, निंबाजीहून थोडका वडील. तो हुकुमाचा माणूस. शिंक आली तरी हुकूम आहे का पाहावा ऐसा.

आता मूळ कसे पेटले ते लिहितो. लग्नसराई लागली आणि धनी मांडवोमांडवी जेवू लागले. बारा दिवस जिलबी, बासुंदी, मैद्याची पुरी, पुन्हा जिलबी. भाकरीचा तुकडा नाही, भाजीचे पान नाही, काकडीची फोड सुद्धा नाही. बारा दिवस म्हणजे तटाचे लोकांच्या दोन पिढ्या होऊन तिसरी लागली, सबब कोंडा पाहिलेला एकही मनुष्य हयात राहिला नाही. ओढेकरी उपाशी पडले. आंबूस रस बंद जाहला, तटाचे दोर कोरडे पडोन कुरकुरू लागले, आणि घरातील लोक म्हणू लागले की दोर असेच असतात. मग ओढेकऱ्यांनी पोटासाठी चिकाचे खंदकास हात घातिला. प्रथम वरची साय खरवडून खाल्ली, मग मधली, आणि खात खात एक दिवशी सकाळी त्यांचे पाटील गोमाजी चाळीसपन्नास माणसांनिशी निंबाजीचे सांधेसमोर येऊन उभे राहिले. निंबाजीने विचारिले, "आपण कोण?" गोमाजी बोलिले, "गोमाजी पाटील, ओढेकरी. बाबा, कोंडा असेल तर मूठभर दे. माणसे भिंती चाटू लागली." निंबाजी म्हणाला, "पाटीलबावा, कोंडा म्हणजे काय?"  गोमाजी म्हणाले, "तुझ्या आज्यास पूस." निंबाजी म्हणाला, "आजा ओढ्यात गेला." तेव्हा गोमाजी खाली बसले आणि म्हणाले, "गेला खरा. चांगला होता."

इतके बोलणे होते आहे तों आतले बाजूस हैबतराव हवालदार यांचे नाकी वास गेला. हवालदार शूर, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांस तटाबाहेरचे दिसत नसे, सर्व कारभार नाकावर. आणि त्यांचे खात्याचा ठराव ऐसा की, खंदकापलीकडे जो आहे तो सोयरा आणि खंदकाअलीकडे जो आला तो गनीम, मग तो कोणीही असो. खंदकच कोणी खाऊन टाकिला तर सोयरा उभा राहिला तेथेच गनीम होतो, हे त्या ठरावात कोणी लिहिले नव्हते. हवालदारांनी हुंगिले, वास ओढेकऱ्याचा, आणि वास तटास लागोन. मग त्यांनी शिंग फुंकिले. शिंग वाजतांच घरोघर दोर ओढिले गेले, सांधा सैल पडल्या, पाणी धो धो बाहेर सुटले, आणि गोमाजी पाटलांची दहाबारा माणसे वाहोन गेली. बाकीची भिंतीस गच्च धरोन राहिली आणि ओरडू लागली, "अरे आम्ही, आम्ही." पण सैल सांधेतून पाणी बाहेर जाते तैसे बाहेरचे आतही येते, हे शिंगाचे नादात कोणाचे ध्यानी राहिले नाही. जिलबीचा चुरा आत गेला, मैद्याचा लगदा आत गेला, ओढेकऱ्यांचे फाटके धडुते आत गेले. फौजेने धडुते पाहिले आणि म्हटले, ही गनिमाची चिंधी. मग पुन्हा शिंग. शिंगामुळे सांध आणखी सैल, सांधेमुळे चुरा आणखी आत, चुऱ्यामुळे शिंग आणखी मोठे. फौजेने जाळपोळ मांडिली, तिचा धूर उलटोन तटावरच आला, आणि त्या धुराने दोर आणखी ओढिले गेले. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्यातला प्रकार. आणि धनियांस त्या दिवशी सात वेळ लोटा घेऊन धावणे पडले, हे वरून आलेले वर्तमान.

निंबाजीचे घरात दोरकरी मालोजी होता. त्याचे तोंड सदा घराचे आत, त्याने बाहेरचे कधी काही पाहिले नाही. पहिले शिंगास त्याने दोर ओढिला, निंबाजीचा हात चार बोटे मागे आला, आणि त्याचे डोळ्यांदेखत पाणी सुटोन गोमाजीचा एक माणूस वाहात गेला. तो मघा निंबाजीस रामराम करून गेला होता.  दुसरे शिंगास तो म्हणाला, "मालोजी, जरा थांब." मालोजी म्हणाला, "शिंग वाजते आहे." निंबाजी म्हणाला, "वाजते खरे. पण बाहेर गोमाजी पाटील कोंडा मागतो आहे." मालोजी म्हणाला, "मग गनीम कोठे?" निंबाजी म्हणाला, "तेच मला समजेना." मालोजीने दोर अर्धा ओढलेला तैसाच धरिला आणि विचारात पडला. इतक्यात हवालदारांची दवंडी फिरली की, जे घर शिंगास सैल होणार नाही ते फितूर, त्यास वेळेआधी ओढ्यात लोटण्यात येईल. मालोजी म्हणाला, "ऐकिलेस?" निंबाजी म्हणाला, "ऐकिले." मालोजी म्हणाला, "मग ओढू?"  एका कानी हात सोडू नये, दुसरे कानी हात सोडावा. वडील म्हणत होते दोन्ही एकदम येत नाहीत, आणि दोन्ही येऊन दारात उभी. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि हा मध्ये कंबरेला दोर बांधोन उभा.

तेवढ्यात डावे हातचे मनगट हलले. तान्हूबाई म्हणाली, "निंबा, माझी वेळ जाहली रे. पाय उचलू लागले." निंबाजी म्हणाला, "मावशी, आत्ता नको. शिंग थांबू दे." ती म्हणाली, "वेळ काय शिंगाला विचारून येते? खेत्रोजीचा हात खालोन आला का बघ." निंबाजीने घराचे तळाशी चाचपिले, कोठे हात लागेना. आता काय प्रसंग होता तो नीट समजून घ्यावा. तान्हूबाईचे घर सुटणार, ते नेम. ते सुटण्याआधी निंबाजी आणि खेत्रोजी यांनी खालोन हात जुळविला तर तट अखंड राहातो. न जुळविता सुटले तर फट नव्हे, एका घराचे खिंडार, आणि ओढ्यातला सगळा गाळ रक्ताचे पाटात. मग राज्य कोठले आणि हवालदार कोठले. आणि निंबाजीने शिंग वाजत असता हात गच्च धरिला तर तो फितूर, त्याचे डोके गेले.

निंबाजीने खालोन हाक दिली, "खेत्रोजीदादा, हात द्या." पलीकडून उत्तर आले, "शिंग चालू आहे. शिंगात हात देणे हुकुमात बसत नाही." निंबाजी म्हणाला, "मावशीचे घर पडते आहे." खेत्रोजी म्हणाला, "घर पडता हात द्यावा, हाही हुकूम आहे, मी नाही कोठे म्हणतो? दोन हुकूम आले आहेत. कोणता आधी ते वरून आल्याखेरीज मला हालता येत नाही." निंबाजीने विचारिले, "वरून म्हणजे कोठून?" खेत्रोजी म्हणाला, "ते मला काय ठाऊक. वरून म्हणजे वरून."  हुकुमाचे माणसास हुकूम नसला म्हणजे जे होते ते त्यास जाहले होते, आणि आम्ही त्यास हसणार नाही.

मागून पुन्हा शिंग जाहले, सर्वांत मोठे. दोर ताठ जाहला. मालोजी म्हणाला, "निंबाजी, आता ओढितो, माझे बोट तुटते." निंबाजी म्हणाला, "मला काही समजत नाही मालोजी. गनीम आहे का नाही, समजत नाही. हवालदार बरोबर का चूक, समजत नाही. पण हातात मावशीचा हात आहे, एवढे समजते. हातचे सोडून पळत्याचे पाठीस लागू नये म्हणतात. तू ओढ, मी सोडीत नाही. तुटलो तर तुटलो." तेव्हा मालोजीने आयुष्यात प्रथमच मान वळवून बाहेर पाहिले. बाहेर धूर, पाणी, आणि भिंतीस चिकटलेला गोमाजी पाटील. मालोजी म्हणाला, "हा गनीम?" आणि त्याने दोर पायाखाली घालून त्यावर बसकण मारिली आणि मोठ्याने आतले बाजूस ओरडला, "ओढिला जी, ओढिला."

तान्हूबाईचे घर एव्हाना निम्मे उचलले होते. तिचा उजवा हात निंबाजीचे हाती, डाव्या हाती खेत्रोजीची नुसती बोटांची पेरे. ती खेत्रोजीस म्हणाली, "काय रे, तुला वरचा हुकूम पाहिजे ना?" तो म्हणाला, "होय बाई, त्यावाचून इलाज नाही." ती म्हणाली, "या टेकाडावर माझ्याहून वर कोणी आहे काय?" खेत्रोजीने विचार केला. टेकाडाचा माथा तोच, माथ्यावर घर तिचेच. तो म्हणाला, "नाही." ती म्हणाली, "मग हा वरचा हुकूम. खालोन हात घाल. आणि लवकर घाल, मी काही येथे मुक्कामास नाही." खेत्रोजी म्हणाला, "आज्ञा," आणि त्या एका शब्दाने त्याचे जिवात जीव आला ऐसे पलीकडील लोक सांगतात. त्याने घराचे पायाखालोन हात घातिला. निंबाजीनेही घातिला, पण धुरात दोघांचे हात एकमेकांस चुकोन भलतीकडे जाऊ लागले. तेव्हा तान्हूबाईने आपले पायांनीच एकाचा हात लोटोन दुसऱ्याचे हाताशी नेला. खेत्रोजीची मूठ निंबाजीचे मनगटावर बसली, निंबाजीची त्याचे मनगटावर. ती म्हणाली, "बसली?" निंबाजी म्हणाला, "बसली." ती म्हणाली, "मग आता वरचा हात सोड." निंबाजीने सोडिला नाही. ती म्हणाली, "निंबा, नियम आहे." तेव्हा त्याने सोडिला, आणि घर ओढ्यात गेले. निंबाजी पुष्कळ रडला. तटावर जाणाऱ्यासाठी रडण्याचा रिवाज नाही, म्हणोन शेजारच्यांनी धुराने डोळे चुरचुरले ऐसे म्हणोन घेतले.

त्यानंतर जे जाहले त्याविषयी तीन तऱ्हा सांगतात. एक म्हणतात, निंबाजीचे सांधेतून चुरा आत जाईना, म्हणोन तेवढ्या टापूत हवालदारांचे नाकी वास येईना आणि शिंगाचा जोर ओसरला. दुसरे म्हणतात, मालोजीने दोरावर बसकण मारिली ही खबर घरोघर गेली आणि आणखी चार दोरकरी बसले. तिसरे म्हणतात, यातले काही नाही. धनियांचे पोट इतके बिघडले की त्यांनी मांडवी जेवणे सोडिले, पहिले दिवशी पेज घेतली आणि दुसरे दिवशी ताक आणि ज्वारीची भाकरी, आणि भाकरीचा कोंडा खाली येताच गोमाजी पाटील उरली माणसे घेऊन ओढ्यात परतले, आंबूस रस सुरू जाहला, दोरास पीळ चढला, खंदकात चीक भरू लागला. आम्हांस विचाराल तर तिन्ही खरी असावीत. पण कोणती किती, हे तटावरील कोणास सांगता येत नाही, आणि मांडवातील जिलबीस तर मुळीच येत नाही. दरबारी मात्र निर्णय चटकन जाहला. हवालदारांचे शिंगामुळे गनीम पळाला ऐसे ठरोन हैबतरावांस शेला आणि पालखी दिली, आणि ज्या घराने शिंग मानिले नाही त्याची चौकशी लाविली. चोर सोडून संन्याशास सुळी देण्याची चाल सर्व राज्यांत आहे, येथे नवी नाही.

हवालदार स्वतः निंबाजीचे घरामागे येऊन उभे राहिले. शेला नवा होता, वारंवार सावरावा लागे. त्यांनी विचारिले, "शिंग ऐकू आले होते?" निंबाजी म्हणाला, "आले होते जी." हवालदार म्हणाले, "मग सैल का नाही जाहलास?" मालोजी आतून खुणावीत होता की, ओढिला होता म्हण, ओढिला होता म्हण. निंबाजी म्हणाला, "सरकार, मला काल काही समजले नाही. मावशीचा हात हातात होता, तो सोडवेना." हवालदारांनी शेला पुन्हा सावरिला. मग म्हणाले, "समजले नाही म्हणजे हुकूम मानावा, हुकूम त्यासाठीच असतो." आणि त्यांनी सांगितले की, या घराचे शेजाऱ्यांनी याचे हात आजच सोडावे आणि यास ओढ्यात जाऊ द्यावे. निंबाजीचे दोन दिवस उरले होते. पाचांतले दोन म्हणजे थोडके नव्हेत, तुम्ही आम्ही हिशेब केला तर अंगावर काटा येईल.

शेजारी दोघे. उजवीकडे सुभानजी, आजच सकाळी खाचेतून वर आलेला, त्यास काही ठाऊक नाही. डावीकडे खेत्रोजी. खेत्रोजी म्हणाला, "आज्ञा, हवालदारसाहेब. परंतु हात सोडण्याआधी मी आणि सुभानजी यांनी याचे पायाखालोन हात जुळविले पाहिजेत, तो नियम." हवालदार म्हणाले, "जुळवा." खेत्रोजीने खालोन हात घातिला, बराच वेळ चाचपिले, आणि म्हणाला, "पोचत नाही, साहेब." हवालदार म्हणाले, "काल तर पोचला होता." खेत्रोजी म्हणाला, "कालचे घर वेगळे होते." हवालदारांस तटाबाहेरचे दिसत नाही हे वर लिहिलेच आहे. ते म्हणाले, "मग पोचेल तेव्हा कळवा," आणि गेले. दुसरे दिवशी सकाळी आले, पोचत नव्हता. दुपारी आले, तरी पोचत नव्हता. निंबाजीस तळाशी सर्व कळत होते. खेत्रोजीचा हात सरकत येई, सुभानजीचे बोटांपासून बोटभर राहिला की थबके आणि तेथेच राही. निंबाजीने हळूच विचारिले, "दादा, खरेच पोचत नाही?" खेत्रोजी म्हणाला, "हुकुमाचे कामात मध्ये बोलू नये." निंबाजी पुन्हा गोंधळला. ज्या मनुष्याने हुकुमाविना कधी शिंक दिली नाही, तो हे काय करितो, याचा त्यास उलगडा होईना.

निंबाजीचे पाचवे दिवशी पहाट फटफटतां खेत्रोजीचीच वेळ आली, कारण तो निंबाजीहून थोडका वडील. त्याचे पलीकडे येमाजी म्हणोन नवा सांधेकरी होता. नियमाप्रमाणे येमाजीचा हात खेत्रोजीचे पायाखालोन आला आणि निंबाजीचे हातास अचूक मिळाला, एकदाही चुकला नाही. खेत्रोजीने दोन्ही मुठी नीट बसल्या हे पाहिले. मग येमाजीस म्हणाला, "हवालदार येतील आणि या निंबाजीचे घराविषयी पुसतील. सांगावे, हात पोचत नाही." येमाजीने विचारिले, "हा कोणाचा हुकूम?" खेत्रोजी तेव्हा टेकाडाचे अगदी माथ्यावर होता. तो म्हणाला, "वरचा." आणि वरचे हात सोडून गेला.

एणेप्रमाणे बावन्नावे शकी तट राहिला, ओढा राहिला, हवालदारांची पालखी राहिली. गनीम होता की नव्हता हे आजपर्यंत ठरले नाही. निंबाजी आपले पुरे पाच दिवस भोगून, आपले वेळेस, संध्याकाळी गेला. हवालदार त्या दिवशीही दोन वेळ पुसोन गेले होते, आणि येमाजीने दोन्ही वेळ पढविल्याप्रमाणे उत्तर केले. लिहिणारास कळले तितके लिहिले. चूकभूल वाचणाराने पोटात घालावी.